सही थांबवा, चौथं प्रकरण लिहा

पत्राचा गोषवारा:

‘वय ४१. हिशेब तपासणीच्या विभागात नोकरी करते. चार वर्षांपूर्वी कादंबरी लिहायला घेतली. नायक कारखान्यात कारकून. वीस वर्षांपूर्वी एका अपघाताच्या चौकशीत त्याने साहेबांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष दिली, सगळा ठपका पहारेकऱ्यावर आला आणि तो तुरुंगात गेला. आता त्या पहारेकऱ्याची मुलगी नायकाच्याच विभागात कामाला लागते. तीन प्रकरणं झाली आहेत, साधारण ११ हजार शब्द. सोबत जोडली आहेत. ती इतक्यांदा लिहिली की पाठ झाली. चौथं, म्हणजे मुलगी येते ते प्रकरण, काही केल्या होत नाही. निवेदन नायकाच्या तोंडून आहे, ते बदलू का? मध्येच एका प्रकाशनाकडून फोन आला. निम्मा खर्च माझा, शिवाय ३०० प्रती मी विकत घ्यायच्या. आयएसबीएन, कॉपीराइट आणि समारंभ त्यांच्याकडे. महिनाअखेर सही करायची आहे. मैत्रिणी म्हणतात, करून टाक, त्या निमित्ताने लिहून तरी होईल. नाही म्हटलं तर संधी जाईल आणि चार ठिकाणी दाखवलं तर कथानक कुणी उचलेल, अशी भीती वाटते. शिवाय पहिली कादंबरी लिहिण्याचं हे वय आहे का? आणि नाव न घालता छापता येतं का? – अर्धवट लेखिका’

सप्रेम नमस्कार.

महिनाअखेर डोक्यावर आहे म्हणून तेवढं आधी सांगते: सही करू नका. ज्यांनी फोन केला त्यांनी तुमची कादंबरी वाचलेली नाही. वाचतील कशी, ती अजून लिहूनच झालेली नाही. जी तीन प्रकरणं आहेत तीही त्यांनी मागवल्याचं तुम्ही म्हणत नाही. न वाचलेलं, न लिहिलेलं पुस्तक छापायला जो तयार होतो त्याचा धंदा पुस्तकं विकण्याचा नसतो. त्याचं गिऱ्हाईक वाचक नाही, तुम्ही आहात. तुमचा निम्मा खर्च आणि ३०० प्रतींचे पैसे हातात पडले की त्याचं काम संपलं. पुढे एखादी प्रत विकली गेली काय आणि न गेली काय. ‘निम्मा’ म्हणजे कशाचा निम्मा, ते लेखी मागून बघा. कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, असं वेगवेगळं. हिशेब तपासणं हे तुमचंच काम आहे, त्या कागदात काय दडलंय ते तुम्हाला माझ्याआधी दिसेल. बहुधा कागद यायचाच नाही.

त्यांनी देऊ केलेल्या गोष्टीही बघा. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक. २००७पासून तो १३ अंकी झाला, त्याआधी १० अंकी असायचा. विक्रेत्याला आणि ग्रंथालयाला नेमकी आवृत्ती ओळखता यावी यासाठी तो असतो. त्याने पुस्तकाला ना दर्जा मिळतो ना मालकी. आणि कॉपीराइट तर तुम्हाला कुणी मिळवून द्यावा लागतच नाही. लेखकांच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६चा; १९०८च्या दुरुस्तीपासून त्यात हे तत्त्व आलं की लेखकाच्या हक्काला नोंदणीसारखी कुठलीही अट असू नये. करारात सामील असलेल्या देशांत तुमची तीन प्रकरणं लिहिल्या क्षणापासून तुमची आहेत. नोंदणी केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून कामाला येते, पण हक्क तिच्यातून जन्मत नाही. जी गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे ती तुम्हालाच विकायला निघालेत ते.

कथानक चोरीला जाण्याची भीती जवळपास प्रत्येक नव्या लेखकाला वाटते. कायदा कल्पनेचं रक्षण करत नाही, लिहिलेल्या मजकुराचं करतो. खोटी साक्ष देणारा कारकून ही कल्पना उद्या आणखी दहा जणांना सुचेल, त्यांना कुणी अडवू शकत नाही आणि अडवायची गरजही नाही. ती मुलगी समोर येऊन बसल्यावर तो काय करतो, तिथे तुमची कादंबरी सुरू होते. आणि ते अजून कागदावर नसल्यामुळे सध्या तरी कुणाला चोरता येणार नाही!

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. तीनही प्रकरणं मी वाचली. चौकशीचा प्रसंग उत्तम आहे. साहेब स्वतःच्या पेनाचं टोपण काढून पेन पुढे करतात, हा सही करतो आणि पेन परत देताना ‘थँक्यू’ म्हणतो. त्या एका शब्दाने माणूस उभा राहिला. मग दुसऱ्या प्रकरणात तो रात्रभर जागून पश्चात्ताप करतो. तिसऱ्यात बायको काहीतरी विचारते, हा तुटक उत्तर देतो आणि मनातल्या मनात पुन्हा पश्चात्ताप करतो. भाषा सुरेख आहे, वाक्यं घासून पुसून लख्ख केलेली आहेत, पण या दोन प्रकरणांत एकही गोष्ट घडत नाही. पश्चात्ताप ही अवस्था झाली, घटना नव्हे. वाचकाला ती पहिल्या पाच ओळींत कळते, नंतर तो वाट बघतो की आता हा काय करणार.

तुम्ही चौथ्या प्रकरणाशी का अडला आहात, याबद्दल माझा अंदाज सांगते. मुलगी समोर आली की नायकाला काहीतरी करावंच लागणार, आणि जे तो खरोखर करेल ते तुम्हाला त्याला करू द्यायचं नाहीये. तो तुम्हाला आवडायला लागलाय. वीस वर्षांपूर्वीचा एक गुन्हा तुम्ही त्याला माफ केलात कारण तो तरुण होता, घाबरलेला होता, नोकरी नवी होती. आता तो पन्नाशीत आहे, पक्की नोकरी आहे, साहेब निवृत्त झालेत. या वेळी तो चुकला तर तुमच्याकडे सबब नाही. म्हणून तुम्ही परत पहिल्या प्रकरणाकडे जाता आणि त्याच्या खिडकीवरच्या पावसाचं वर्णन सुधारता.

त्याला चुकू द्या. मुलीला आपल्याबद्दल कळू नये, ही त्याची सगळ्यात मोठी इच्छा आहे ना? मग त्यासाठी तो काय काय करेल? तिची बदली व्हावी म्हणून गुपचूप शब्द टाकेल? की उलट तिच्यावर मेहेरबानी करत सुटेल, रजा मंजूर करेल, चुका झाकेल, इतकी की तिलाच संशय यावा? मला दुसरी वाट जास्त भयंकर वाटते, कारण तिच्यात त्याला स्वतःला चांगलं समजता येतं. पण निवड तुमची. तिसरीच वाट सापडली तर आणखी बरं.

आणि ती मुलगी कोण आहे? तुमच्या टिपणात तिच्याबद्दल ‘शांत, मोठे डोळे’ एवढंच आहे. अन्याय झालेल्या माणसाची मुलगी एवढ्यावर ती कादंबरीत शिरू शकत नाही. तिला काय हवंय? बापाबद्दल तिला प्रेम आहे की राग? वीस वर्षं तिने सगळ्यांकडून ऐकलं असणार की बाप झोपला म्हणून माणसं मेली. तिने ते खरं मानलं असेल तर? मग नायकाने सत्य सांगितलं तर तिची सुटका होईल की तिचं सगळं आयुष्य उलटंपालटं होईल? हे प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेत की चौथं प्रकरण तुमच्यासाठी थांबणार नाही, असं मला वाटतं.

निवेदनाचा प्रश्न यालाच जोडून आहे. प्रथमपुरुषी निवेदनात नायकाला जे ठाऊक नाही ते तुम्हाला लिहिता येत नाही. पहारेकऱ्याचे तुरुंगातले दिवस, मुलीच्या घरातली संध्याकाळ, हे दारच बंद. पण त्याचा एक फायदा तुम्ही अजून वापरलेला नाही. हा माणूस एकदा खोटी साक्ष देऊन चुकलाय. मग आपल्याला सांगतोय ती हकीकत तरी खरी कशावरून? त्याच्या तोंडून सगळी गोष्ट ऐकणं म्हणजे वाचकाने पुन्हा त्याचीच साक्ष नोंदवून घेणं. मी तुमच्या जागी असते तर हे सोडलं नसतं. तरी खात्री करायची तर मुलगी येते तो प्रसंग दोन-दोन पानं दोन्ही प्रकारे लिहून बघा. जो पुढे सरकतो तो घ्या आणि तिथून पुढे जा. आधीची तीन प्रकरणं त्यानुसार बदलायला बसू नका. हे मी बजावून सांगतेय, कारण तुम्ही बसाल. एक वही वेगळी ठेवा, तिच्यात लिहा ‘निवेदन तृतीयपुरुषी करणे, प्रकरण १ ते ३’, ‘बायकोला आधीपासून माहीत आहे’, ‘पाऊस काढणे’, आणि ते सगळे बदल झालेलेच आहेत असं धरून पुढचं लिहीत राहा.

पहिलं प्रकरण पक्कं होण्याआधी शेवटचं लिहून व्हावं लागतं. कादंबरी कशाबद्दल आहे हे लेखकाला बहुतेक वेळा पहिला खर्डा संपताना समजतं, आणि समजलं की सुरुवात हमखास बदलावी लागते. तुम्ही चार वर्षं ज्या पानांना पॉलिश करताय त्यांतली निम्मी नंतर जातील. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलंय. त्याच्या वेगाशी तुम्हाला काही देणंघेणं नाही, तो वेग अमानुष आहे. पण तो सुरुवातीला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा आणि मग पुढे निघायचा. आदल्या दिवशीचं. पहिलं प्रकरण नव्हे.

तुमच्यासाठी गणित सोपं आहे. आठवड्यात पाच दिवस, रोज ३०० शब्द. वर्षातले दोन आठवडे आजारपण, पाहुणे आणि कंटाळा यांना सोडले तरी ५० आठवड्यांत ७५ हजार शब्द होतात. मध्यम आकाराच्या कादंबरीला तेवढे पुरतात, छापील पानाला पावणेतीनशे शब्द धरले तर पावणेतीनशेच्या आसपास पानं. ३०० शब्द म्हणजे हस्ताक्षरातलं दीड-दोन पान. वाईट लिहिलं तरी चालेल, पण त्या दिवशीचं त्या दिवशी. आणि उद्या काय लिहायचं ते अगदी समोर दिसत असताना उठा. विहिरीत थोडं पाणी राहिलं की दुसऱ्या दिवशी झरे बुजलेले नसतात. वेळ पहाटेचा की रात्रीचा, वहीत की संगणकावर, आधी आराखडा की आधी लिखाण, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. जे जमेल ते करा.

खर्डा पुरा झाला की महिनाभर त्याला हात लावू नका. मग छापून काढा आणि पेन हातात न घेता शक्य तितक्या कमी बैठकांत वाचा. त्यानंतर एक तक्ता करा, हे काम तुम्हाला आवडेल. प्रत्येक प्रकरणासमोर दोन रकाने: कोण काय करतं, आणि त्यामुळे काय बदलतं. ज्या प्रकरणाचा दुसरा रकाना रिकामा राहतो ते उडवा किंवा शेजारच्यात मिसळा. आज हा तक्ता केलात तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणासमोर काय येईल, तुम्हीच बघा. हे झाल्यावर प्रसंग, मग संवाद (मोठ्याने वाचून, जिथे जीभ अडखळते तिथे पात्र नाही, तुम्ही बोलताय), आणि सगळ्यात शेवटी वाक्यं आणि शुद्धलेखन. नवे लेखक नेमकं उलट्या क्रमाने जातात. जो प्रसंग पुढे काढून टाकायचा आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासून काय मिळणार?

मग वाचक. मैत्रिणींनी ‘छान आहे’ म्हटलं, कारण तुम्ही त्यांना ‘कसं वाटलं’ विचारलंत. त्या प्रश्नाला माणूस दुसरं काय उत्तर देईल? विचारा: कुठे बाजूला ठेवलंस? कुठे पानं नुसती उलटलीस? कुणाचा राग आला? पुढे काय होईल असं वाटलं होतं? असे तीन-चार वाचक पुरेत, त्यांतला निदान एक असा की ज्याला तुम्ही दुखावल्या गेलात तरी फारसं काही वाटणार नाही. एकाने काढलेली खोट ही कदाचित त्याची आवड असेल. तिघे एकाच पानावर अडखळले तर तिथे खड्डा आहे, मग तिघांनी कारणं वेगवेगळी दिली तरी.

प्रकाशकाकडे जायचं ते यानंतर. ज्यांनी अलीकडे तुमच्या जातकुळीच्या कादंबऱ्या काढल्या आहेत असे चार-पाच निवडा. पत्र एक पानाचं: गोष्ट काय, शब्द किती, तुम्ही कोण. त्यासोबत दोन पानांचा सारांश, शेवटासकट. सारांशात शेवट दडवून उत्सुकता वाढवू नका, तो मलपृष्ठावरचा मजकूर नाही. संपादकाला बघायचं असतं की तुम्हाला गोष्ट संपवता येते का. पहिली दोन-तीन प्रकरणं जोडा, आणि पूर्ण हस्तलिखित मागितल्यावर त्या आठवड्यात पाठवता येईल इतकं तयार ठेवा. जिथे प्रकाशकाची स्वतःची नियमावली असेल तिथे तीच पाळा. एकाच वेळी अनेकांकडे पाठवायला हरकत नाही, फक्त पत्रात तसा उल्लेख करा.

उत्तराची वाट बघण्याबद्दल एक किस्सा. पोर्तुगीज लेखक जोसे सारामागो यांनी १९५३मध्ये एका प्रकाशकाकडे हस्तलिखित दिलं. होकार नाही, नकार नाही. उत्तर आलं १९८९मध्ये: जागा बदलताना हस्तलिखित सापडलं, छापायला आवडेल. तोवर ते जगभर नावाजलेले होते, त्यांनी हयातीत छापू दिलं नाही. १९९८मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि ती कादंबरी आली २०११मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. तुम्ही छत्तीस वर्षं थांबू नका. तीन महिन्यांनी एक सभ्य आठवण, आणखी तीन महिन्यांनी समजून घ्या की नकार आहे. आणि प्रत नेहमी स्वतःकडे ठेवा. नकाराचं एका ओळीचं पत्र आलं तर त्यात अर्थ शोधू नका. त्यात अर्थ नसतो. एखाद्या संपादकाने कारण लिहून पाठवलं तर मात्र ते जपून ठेवा, कारण तेवढा वेळ तो प्रत्येकाला देत नाही.

होकार आलाच तर करार शब्दन्‌शब्द वाचा. तिथे लेखक मंडळी लाजतात आणि नंतर रडतात. हक्क किती वर्षांसाठी देताय, कुठल्या भाषेसाठी, छापील पुस्तकापुरते की ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट यांच्यासकट? ‘सर्व हक्क कायमचे’ असा मजकूर असेल तर सही नको. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हातात प्रत्यक्ष पडणाऱ्या रकमेवर? विक्रेत्याची सूट मध्ये आली की या दोन आकड्यांत मोठं अंतर पडतं. विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार? पुस्तक संपलं आणि पुनर्मुद्रण झालं नाही तर किती महिन्यांनी हक्क परत तुमच्याकडे? हे विचारल्याने चांगला प्रकाशक नाराज होत नाही.

कुणीच घेतलं नाही तर स्वतः काढा, त्यात कमीपणा नाही. मात्र स्वतः काढणं आणि त्या फोनवाल्यांना पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः काढताना संपादक, मुद्रितशोधक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि छपाई या प्रत्येकाला तुम्ही कामाचे पैसे देता. हक्क, प्रती आणि विक्री सगळं तुमचं. छपाई फर्म्याच्या हिशेबात चालते. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं, बहुतेक वेळा १६. त्यामुळे पुस्तक फर्म्यापेक्षा चार पानं जास्त गेलं तर ती कापण्यात शहाणपण असतं. पहिली आवृत्ती लहान काढा, किंवा मागणीनुसार छपाईची सोय असेल तर ती वापरा. संपादकाचे पैसे मात्र वाचवू नका, वाटल्यास मुखपृष्ठ साधं ठेवा.

वयाचं म्हणाल तर इंग्रज कादंबरीकार पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांचा जन्म १९१६च्या डिसेंबरमधला, पहिली कादंबरी १९७७ची, आणि बुकर मिळालं १९७९मध्ये. तुमच्या हातात पुष्कळ वेळ आहे, फक्त तो पहिल्या प्रकरणावर घालवू नका.

राहिलं नाव. टोपणनावाने खुशाल छापता येतं. करार तुमच्या खऱ्या नावाने होतो, मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावर टोपणनाव जातं, आणि प्रकाशकाने खरं नाव उघड करू नये असं कलम करारात घालून घेता येतं. नोकरी करता म्हणून सेवाशर्ती एकदा वाचून ठेवा; काही ठिकाणी बाहेर काही प्रसिद्ध करण्यापूर्वी कळवावं लागतं किंवा परवानगी घ्यावी लागते, आणि कादंबरी कार्यालयात घडते म्हटल्यावर कुणाला तरी त्यात स्वतःचा साहेब दिसणारच. पेनाचं टोपण काढून देणारे ते साहेब खरोखरच कुणी असतील, तर पुस्तकात त्यांना वेगळा विभाग, वेगळं वय आणि वेगळी सवय द्या. पेन मात्र राहू द्या.